उसनं दार

क्लेमेंट तुस्कानो सरांना कुठेही बोलायला उभं करा, ते हटकून अनुदानावर येत. समारंभ वृक्षारोपणाचा असो, निरोपाचा असो की गावच्या फुटबॉल सामन्यांच्या बक्षिसांचा, शेवटी सर माईक घट्ट धरून म्हणत, "सरकारने शाळेला दिलं पाहिजे, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला आधी दिलं पाहिजे." लोक जोरात टाळ्या वाजवत. हे वाक्य आलं की भाषण संपत आलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरांची शाळा उमेळे गावाच्या पुढे, एका बाजूला केळीच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, अशा मधल्या बेचक्यात होती. आठवी ते दहावी, मराठी माध्यम, सरकारमान्य अनुदानित. गावाने मोठ्या उमेदीने काढलेली. आता गावाची स्वतःची मुलं पिवळ्या बसमधून रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत जात, आणि इथे येत ती वॉचमनची, बागेत फुलं खुडायला येणाऱ्या बायांची, भाड्याच्या खोल्यांतली. सरांचा मुलगाही त्याच पिवळ्या बसमधून शिकून मोठा झाला होता. हा मुद्दा मात्र भाषणात कधी आला नाही.

शिक्षकांचे पगार सरकार देत होतं. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण खडू, दिवे, डागडुजी यांच्यासाठी वेगळं अनुदान असतं, ते मंजूर होतं, कागदावर दिसतं आणि मग वाटेत कुठेतरी विसाव्याला बसतं. त्यामुळे शाळेत जे मोडलं ते मोडलेलंच राहायचं. मुलींच्या टॉयलेटचं दार असंच गेलं. खाऱ्या हवेने आधी बिजागऱ्या खाल्ल्या, उरलेलं वाळवीने संपवलं. सरांनी वर अर्ज केला, आणि दार येईपर्यंत म्हणून स्टीवन शिपायाने चौकटीवर एक जुना फ्लेक्स टांगला. तो कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. वारा सुटला की पुढारी हात जोडल्या जोडल्या डुलायचे, आणि जोराचा सुटला की बाजूला व्हायचे. वरची पाण्याची टाकीही तडकली होती. अर्ज दरवर्षी नव्याने जायचा, फ्लेक्स मात्र तोच राहिला.

आधी मुली समोरच्या प्रिस्काबायच्या मोरीत जायच्या. प्रिस्काबाय ही वाडीतली एकटी म्हातारी, कुणाला नाही म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता. मग वाडीचा एक तुकडा बिल्डरला गेला, घराचा बंगला झाला, मोरीच्या जागी पांढऱ्याशुभ्र टाइल्स आल्या, आणि अशा टाइल्सना चिखलाचे पाय सोसत नाहीत. मुलींना कुणी येऊ नका म्हटलं असं नाही. गेटला कडी लागली, एवढंच.

दार विकत घ्यायला सरांकडे पैसे नव्हते असंही नाही. पण तत्त्वाचा प्रश्न होता. "आज मी पदरचं दार बसवलं, तर उद्या सरकार छप्परही माझ्याकडूनच बसवून घेईल," ते म्हणत. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच सरांना ते वाक्य फार आवडायचं.

पावसाळा सरता सरता एकदा ज्युली मॅडमनी त्यांच्या केबिनचं दार वाजवलं. हे दार शाळेतली सगळ्यात देखणी वस्तू. अस्सल सागवानी, पितळी कडीचं, आणि वर पांढऱ्या रंगात रंगवलेलं: मुख्याध्यापक, श्री. क्लेमेंट तुस्कानो, एम. ए., बी. एड. त्याखाली, परवानगीशिवाय आत येऊ नये. मॅडम मराठी शिकवायच्या आणि परवानगी मिळेपर्यंत खरोखरच बाहेर थांबायच्या.

"सर, रोशनीची आई आली होती."

"बरं झालं. मीच बोलावणार होतो तिला." सर दहावीला गणित शिकवत. "ही मुलगी मधल्या सुट्टीत घरी जाते ती माझा तास अर्धा झाल्यावर उगवते. एवढी हुशार पोर, आणि असा बेजबाबदारपणा."

"का जाते, विचारलंत?"

"जेवायला जात असेल."

"बाथरूमला जाते, सर." ज्युली मॅडम खुर्चीवर बसल्या. "सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही ती. तरी दुपारपर्यंत निभत नाही. गेल्या महिन्यात तापाने पडली होती, ती ह्याच्यामुळेच. डॉक्टरांनी सांगितलंय, भरपूर पाणी पी. आई म्हणते, शाळेत पाणी प्यायची सोय नाही म्हणजे शाळाच नको. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर घरी बसवणार. बाहेरून फॉर्म भरून देईल म्हणते दहावी."

बाहेरून फॉर्म भरणं म्हणजे काय ते सरांनी बऱ्याच मुलींच्या बाबतीत पाहिलं होतं. पहिल्यांदा धाकट्या भावंडाला सांभाळणं येतं, मग आईच्या जागी कामाला जाणं येतं, आणि फॉर्म राहूनच जातो. रोशनी एका नव्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी. तिने फळ्यावर सोडवलेलं गणित पुसताना सरांच्या जिवावर यायचं. ही एक मुलगी पुढे गेली तर आपण इतकी वर्षं इथे काय केलं ते कुणालाही दाखवता येईल, असं त्यांना मनातून वाटे.

"पण मग तुम्ही... म्हणजे शिक्षिका काय करता?" त्यांनी भाबडेपणाने विचारलं.

"माझ्याकडे स्कूटी आहे, सर," ज्युली मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

आणि अगदी त्याच सुमारास, इतक्या वर्षांनी, वरून खरोखरच उत्तर आलं. अनुदानित शाळांमध्ये मुलींच्या स्वच्छतागृहांसाठी निधी निघाला होता. या बाजूच्या दोन शाळा पथक बघणार, आणि जिला जास्त गरज तिची शिफारस करणार. एक ही, आणि दुसरी खाडीकाठची, बळीराम केणींची. बळीराम आणि सर बी. एड.ला एका बाकावर बसलेले. बळीरामच्या शाळेला गेल्याच वर्षी एका कंपनीने मुलींसाठी नवंकोरं टॉयलेट बांधून दिलं होतं, निळ्या फायबरच्या दाराचं. त्याने अर्ज केला तो केवळ सवयीने. योजना निघाली की मुख्याध्यापकाने अर्ज करायचा असतो. म्हणजे चुरस अशी नव्हतीच. पथकाने यायचं, फ्लेक्स बघायचा आणि लिहून जायचं.

सरांनी शिक्षकांची बैठक घेतली. "काहीही सजवायचं नाही," ते म्हणाले. "जसं आहे तसं दाखवायचं. आपली गरज हीच आपली बाजू आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. रोशनीच्या आईलाही निरोप गेला की दिवाळीच्या आत नक्की होतंय, थोडा धीर धरा.

पण पथक येणार म्हटलं की आपल्या शाळांच्या अंगात काहीतरी येतं. त्यालाही कारण आहे. आजवर जी पथकं आली ती शाळेत काय काय आहे ते बघायला आली. प्रयोगशाळा आहे का, ग्रंथालय आहे का, आग विझवायची नळकांडी आहे का. नसेल तर मान्यता धोक्यात. मग या पट्ट्यातले मुख्याध्यापक एकमेकांना धरून राहत. एकच लाल नळकांडं उमेळ्यापासून आगाशीपर्यंतच्या सगळ्या शाळांत हजेरी लावून आलं होतं. शास्त्राच्या तासाचा एक प्लास्टिकचा सांगाडा तर इतका फिरला होता की त्याला प्रवासभत्ता मिळायला हवा होता. शिवाय आपली गावाची रीत. पाहुणा येतोय कळलं की शेजाऱ्याच्या खुर्च्या, पलीकडच्यांचा टेबलक्लॉथ आणि तिसऱ्या घरच्या काचेच्या बश्या आणून आपण असे बसतो की पाहुण्याला वाटावं, यांना कशाची कमी आहे?

आदल्या दिवशी सर शाळेत फिरायला निघाले तर स्टीवन व्हरांड्याला चुना मारत होता. "जरासाच, सर," तो म्हणाला. प्रिस्काबायने बंगल्यातल्या फुलांच्या कुंड्या पाठवल्या होत्या. ज्युली मॅडमनी पोपडे उडालेल्या भिंतीवर, नेमके पोपडे झाकतील असे, तक्ते लावले होते. सर सगळ्यांवर रागावले. "अरे, ठरलंय काय आणि करताय काय?" ते म्हणाले. त्यावर स्टीवनने सांगितलं की पथकाच्या प्रमुख बाई आहेत, फोन आला होता.

सर पाठीमागे गेले आणि फ्लेक्ससमोर उभे राहिले. वरून आलेल्या एक मोठ्या बाई पुढाऱ्यांना हाताने बाजूला सारताहेत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचे कान तापले. रोज कितीतरी मुली हेच करत होत्या, तेव्हा ते कधी तापले नव्हते. पण मोठ्या माणसाला लाज वाटायला मोठा माणूस समोर यावा लागतो. सरांनी फोन काढला.

"बळीराम, तुझं ते निळं दार..."

"कोनचं?"

"मुलींच्या टॉयलेटचं. एक दिवस देशील?"

"क्लेमेंट, तुझ्याकडं दार नाय, हेच बघायला येतात ना ते?"

"ते मी तोंडी सांगीनच रे. नीट समजावून सांगीन. पण अगदी उघडं दाखवायचं म्हणजे... बाईमाणूस येतंय."

"टाकी पन फुटलेली हाय तुझी."

"टाकी पण दे."

बळीरामला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या शाळेचं मूल्यांकन झालं तेव्हा सरांच्या शाळेतले सूक्ष्मदर्शक त्याच्या टेबलावर मांडलेले होते. "माझ्याकडं परवा येनार हायेत," तो म्हणाला. "उद्या सांजच्यापर्यंत दार पोचव, म्हंजे झालं."

केळीच्या टेम्पोतून निळं दार आणि काळी टाकी आली. स्टीवनने फ्लेक्स गुंडाळून ठेवला, दार बसवलं, प्रिस्काबायच्या विहिरीतून चार बादल्या आणून टाकीत ओतल्या. दार लागताना छान खट्ट असा आवाज व्हायचा. सर स्वतः दोन-तीनदा उघडझाप करून बघून आले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांनी मुलांना सांगितलं, "आज पाहुणे येतील. शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आज हे सांगायला नको होतं. पण मुलं ओळीने वर्गात गेलीसुद्धा.

पथकाच्या मॅडम मोठ्या नीटस होत्या, बोलायलाही चांगल्या. त्यांनी वर्ग पाहिले, तक्त्यांचं कौतुक केलं. मागे गेल्यावर निळं दार उघडलं, नळ सोडला, पाणी आलं. त्या सरांकडे वळल्या. "फार छान ठेवलंय, सर."

सांगायची वेळ हीच होती. मॅडम, हे दार आमचं नाही. एवढं एकच वाक्य. ते सरांच्या ओठांवर आलंही. पण सरकारच्या तोंडून 'छान' हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत प्रथमच ऐकला होता. ते म्हणाले, "धन्यवाद, मॅडम."

रोशनी तिथेच नळाशी बाटली भरत उभी होती. मॅडमनी तिला जवळ बोलावलं. "बेटा, तुम्हा मुलींना बाथरूमची काही अडचण?"

रोशनीने मॅडमकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "नाही मॅडम," ती म्हणाली. "खूप छान आहे."

जेवायला प्रिस्काबायने फुगे तळले होते. लग्नाकार्याला करतात तसे, मैद्याचे, गोल गोल. बरोबर कोंबडीचा रस्सा आणि शेवटी आगाशीची सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी. मॅडम तृप्त झाल्या. "तुमच्याकडे काही बघायचंच उरलं नाही," त्या हसून म्हणाल्या. "वेळ आहे तर खाडीकाठची शाळाही आजच करून टाकतो."

तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. सरांच्या तोंडात फुगा होता हे खरं, पण फुगा गिळता येतो. त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "एवढ्या उन्हात कशाला, मॅडम? उद्या निवांत जा." मॅडम म्हणाल्या, ऊन काय, रोजचंच आहे. सरांनी व्हरांड्यात जाऊन बळीरामला फोन लावला. बळीराम तासावर होता, फोन त्याच्या टेबलाच्या खणात वाजत राहिला. टेम्पोवाला केळी घेऊन बाजारात गेलेला. स्टीवन मागच्या बाजूला हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन हुकमाची वाट बघत उभा, आणि पुढच्या बाजूने पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली. सरांनी हात हलवून निरोप दिला. दुसरं काय करणार?

शाळा सुटायच्या वेळी बळीराम स्वतःच मोटरसायकलवर आला. केबिनमध्ये बसला आणि पाणी प्याला.

"मॅडम बघतच र्‍हायल्या," तो म्हणाला. "दार नाय, टाकी नाय, नुसती चौकट. विचारलं, असं कधीपासून? मी म्हनलं, कालपासून. त्यांना वाटलं मी वैतागून बोलतो. म्हनल्या, सर, तुमचा त्रास कलतो मना. मी म्हनलं, नाय हो, खरंच काल नेलं. त्या म्हनल्या, कोनी नेलं? आता तुझं नाव घेऊ? म्हनलं, वलखीच्याच मानसानं. त्यांनी लिवून घेतलं, दारं चोरीला जातात, ह्या शालेला कुंपन पन द्यावं."

"आणि आमचं?"

"तुझी शाला आदर्श हाय म्हनल्या. आमा लोकांना बघून यायला सांगितलंय."

सर आधी हसले. मग बळीराम हसला. मग दोघे असे हसले की ज्युली मॅडमनी परवानगी न घेता दार उघडून आत डोकावलं. डोळे पुसता पुसता सरांच्या लक्षात आलं की आपण आता हसत नाही आहोत. दिवाळी तोंडावर आली होती. रोशनीच्या आईला नक्की म्हणून सांगितलं होतं.

"दार ठेव तूच," बळीराम म्हणाला. "मना नवीन मिलनारच हाय."

"कधी?"

मंजुरी आणि दार यांच्यामध्ये किती पावसाळे जातात हे दोघांनाही माहीत होतं.

"बळीराम, आज तुझ्या मुलींनी काय केलं? दिवसभर?"

बळीराम गोंधळला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "काय की," तो म्हणाला. "घरी गेल्या असतील."

जेवायला जात असेल, हे आपलंच बोलणं सरांना आठवलं. सरकारने गरज असलेल्याला आधी द्यावं म्हणून घसा कोरडा करणाऱ्या माणसाने, ज्यांच्याकडे होतं त्या मुलींचं काढून आणलं होतं, तेही आपल्या मुलींसाठी नाही. एका मॅडमच्या नजरेसाठी. त्यांना स्वतःची चीड आली.

"उद्या सकाळी पहिलं काम, तुझं दार," ते म्हणाले. "आणि मी वर खरं काय ते लिहून कळवतो. तुला चालेल ना?"

बळीरामने सुस्कारा टाकला. "कुंपन गेलं म्हनायचं," तो म्हणाला. "लिव."

सकाळी स्टीवन दाराचे स्क्रू काढत होता आणि चार मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या. फाटकात टेम्पो उभा होता. रोशनी पाण्याची बाटली घेऊन आली होती, घरूनच भरून आणलेली.

"दार परत चाललं, सर?"

"हो. आपलं नव्हतं ते."

"माहीत होतं."

"मग काल मॅडमना सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कसं वाटलं असतं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांना बरं वाटलं असतं. "काल मी भरपूर पाणी प्यायले, सर. तुमच्या तासालाही वेळेवर होते. आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना."

स्टीवनने दार उचलून भिंतीला टेकवलं. रोशनीने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. रोजचं काम केल्यासारखं. मग झाकण लावून ती वर्गात गेली.

सर केबिनमध्ये आले आणि सवयीने मागे दार लावून घेतलं. कडी खट्ट वाजली. निळ्या दारापेक्षाही छान वाजली. सर तिथेच, कडीवर हात ठेवून उभे राहिले.

दारासाठीचा प्रत्येक अर्ज त्यांनी याच दाराआड बसून लिहिला होता. सुंदर अक्षरात, मुद्देसूद, समान न्यायाचा दाखला देऊन. लिहिताना मुलांचा गलका आत येऊ नये म्हणून ते दार आठवणीने लावून घेत. शाळेत दार नाही, असं त्यात लिहिलेलं असे. इतकी वर्षं दार नाही म्हणून ओरडणारा माणूस रोज पितळी कडी लावून बसत होता आणि त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं हे बरं झालं. सरांना हसू आलं, आणि त्या हसण्याची लगेच लाजही वाटली.

त्यांनी दार उघडून हाक मारली. "स्टीवन, टेम्पो गेला की इकडे ये. स्क्रू ड्रायव्हर घेऊन."

सागवानी दार मुलींच्या टॉयलेटच्या चौकटीला थोडं रुंद झालं. स्टीवनने एका कडेने करवत चालवली, त्यात बी. एड. गेलं. एम. ए. वाचलं. स्टीवनला वाटलं आता बाकीची अक्षरंही घासून काढावीत. मुलींच्या बाथरूमवर मुख्याध्यापकांचं नाव, लोक काय म्हणतील?

"राहू दे," सर म्हणाले. "परवानगीशिवाय आत येऊ नये, हे माझ्यापेक्षा इथेच जास्त शोभतं."

अंगणातून दार नेताना प्रिस्काबायने गेटमधून पाहिलं होतं. ती काठी टेकत आली, चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं. टाकीही बळीरामची होती, तीही गेली, हे कळल्यावर ती परत गेली. थोड्या वेळाने तिच्या विहिरीच्या पंपाचा पाइप भिंतीवरून शाळेच्या आवारात येऊन पडला.

"टाकी येईपर्यंत माझंच पानी घ्या," ती गेटमधून म्हणाली. मग सरांकडे न बघता पुढे म्हणाली, "आनि कडी काढलीय मी. टाइल्स काय, धुतल्या की होतात."

सरांनी वर पत्र लिहिलं. दार उसनं होतं, चूक माझी, दोन्ही शाळा पुन्हा बघाव्या, असं सरळ लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. दार सरकारनेच द्यायला हवं होतं असं सरांचं आजही म्हणणं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण हल्ली हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हे लोकांना कळत नाही. केबिनला आता नुसती चौकट आहे. मुलांचा गलका थेट आत येतो. ज्युली मॅडम चौकटीशी थांबतात, वाजवायला काही नाही म्हणून खोकतात. स्टीवनने एकदा विचारलं, तो फ्लेक्स ठेवलाय गुंडाळून, इथे लावू का? सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीआधी रोशनीची आई एकदा कामावरून परत जाताना आली. तिने दार ओढून पाहिलं, आतून कडी लावून पाहिली, पाइपला जोडलेला नळ सोडून पाहिला. दारावरचं नाव तिला वाचता आलं नसावं, किंवा आलं असेल. जाताना तिने सरांना लांबूनच हात जोडले आणि सरांना कुठे बघावं ते कळेना.

सुट्टीनंतर शाळा भरली. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, सर खडू घेऊन दहावीच्या वर्गात शिरले. फळ्याकडे वळण्याआधी त्यांनी खिडकीकडचा तिसरा बाक पाहिला. रोशनी बसली होती. त्यांनी गणित घातलं. वर्ग वह्यांत वाकला.

तास अर्ध्यावर आला असेल, रोशनीने हात वर केला. गणित सुटलं असणार, सरांना वाटलं.

"सर, बाटली संपली. भरून आणू?"

तासाच्या मध्ये कुणी उठायचं नाही हा सरांचा नियम होता, आणि तो त्यांनी आजवर कुणासाठी मोडला नव्हता.

"जा," सर म्हणाले, आणि ती परत येईपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.